टॉवर बंद, मेसेज चालू : कोहिनूर परिसरात मेश रेडिओ बसवायचा तर खर्च किती?

पावसाळ्यात वादळानं लाईन गेली की मागोमाग मोबाईलची रेंजही जाते, हे बिदर-कलबुर्गीच्या हद्दीवर राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास ओढतात. जनरेटरला डिझेल वेळेत पोचलं तर ठीक, नाहीतर रानात गेलेला माणूस आणि घर यांचा संबंध तुटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेच्या पुरानं कलबुर्गी जिल्ह्याला झोडपलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोली तालुक्यातल्या गडिकेश्वरला भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा लोकांनी घरं सोडली. १९९३ ची किल्लारी तर या सगळ्या पट्ट्याच्या हाडात बसलेली आहे. त्यामुळे ‘टॉवरशिवाय निरोप पोचवता येईल का’ हा प्रश्न इथं हौसेचा नाही.

उत्तर आहे, आणि ते फार महागही नाही. मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचा एक छोटा रेडिओ, जो सिमशिवाय, रिचार्जशिवाय, इंटरनेटशिवाय काही किलोमीटरवर अक्षरी मेसेज पाठवतो. पण सुरुवातीलाच सांगतो : एकट्यानं घ्याल तर हे खेळणं आहे. पाच घरांनी मिळून घेतलं तर घरटी सहा हजारांच्या आसपास खर्च येतो आणि तेव्हाच त्याचा उपयोग होतो.

यंत्र करतं काय, आणि काय नाही

या रेडिओंच्या पोटात जे तंत्र आहे त्याला लोरा म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ कंपनीनं ते विकसित केलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकनं ती कंपनी विकत घेतली. या तंत्रात वेग सोडून द्यायचा आणि पल्ला मिळवायचा. संदेश इतका सावकाश, इतका ताणून पाठवला जातो की गोंगाटाच्या तळाशी असलेला सिग्नलही समोरच्या यंत्राला उचलता येतो. यावर चालणारं मेशटास्टिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर केव्हिन हेस्टर यांनी २०२० मध्ये सुरू केलं. डोंगरात भटकणाऱ्या, मोबाईलच्या टप्प्याबाहेर जाणाऱ्या लोकांना एकमेकांचा पत्ता लागावा, ही मूळ गरज.

मेश म्हणजे जाळं. तुमचा निरोप शेजारच्या यंत्रानं ऐकला की तेच यंत्र तो पुढं ढकलतं. असे तीन टप्पे मूळ सेटिंगमध्ये मिळतात, फार तर सातपर्यंत वाढवता येतात.

आवाज जात नाही. फोटो जात नाही. एका मेसेजला सुमारे २०० बाइटची मर्यादा, आणि इथं मराठी-कन्नड लिहिणाऱ्यांनी कान टवकारावेत. रोमन लिपीचं एक अक्षर एक बाइट खातं, देवनागरीचं आणि कन्नडचं प्रत्येक चिन्ह तीन खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘लाईन आली, मोटार चालू कर’ हा निरोप देवनागरीत ५९ बाइटचा होतो. तोच इंग्रजी अक्षरांत लिहिला तर २६ चा. म्हणजे देवनागरीत साठ-पासष्ट चिन्हांत मेसेज संपवायचा. तेवढ्यात मोटार चालू होते, माणूस जेवायला येतो, ओढ्याला पाणी चढल्याचं कळतं. भांडण मात्र नीट होत नाही.

आणखी तीन मर्यादा विकत घेण्याआधी समजून घ्या. ज्याला निरोप पाठवला त्याचं यंत्र त्या वेळी बंद असेल तर साध्या जोडणीत निरोप त्याची वाट बघत थांबत नाही. दुसरं, ग्रुपवर टाकलेल्या मेसेजवर पोचल्याची खूण दिसली तर त्याचा अर्थ कुठल्या तरी एका यंत्रानं तो पुढं ढकलला, एवढाच. सगळ्यांनी वाचला असा नाही. एकाच माणसाला थेट पाठवलेल्या मेसेजची खूण मात्र खरी. तिसरं, आणीबाणीचा ११२ नंबर या यंत्रावरून लागत नाही. सापाचा दंश, बाळंतपण, आग अशा वेळी जाळ्यातला कुणीतरी रेंजमध्ये असेल आणि तो फोन करील, एवढाच आधार.

घरटी यंत्र : अडीच हजार ते सात हजार

खालचे आकडे ढोबळ आहेत. डॉलर, कस्टम आणि विक्रेता बदलला की दोन-चारशे इकडचे तिकडे होतात.

सगळ्यात खपणारा बोर्ड हेल्टेक व्ही३. त्याला छोटा पडदा आहे आणि भारतात तो अडीच ते तीन हजारांना पडतो. पण नुसत्या बोर्डावर थांबता येत नाही. बॅटरी तीनशे ते पाचशे, डबी दोनशे ते चारशे, आणि सोबत येणारी नाजूक अँटेना बदलून बरी घेतली तर आणखी चारशे. गोळाबेरीज चार हजार. याची खोड अशी की तो वीज खातो. ३,००० एमएएचच्या सेलवर दीड दिवस गेला तरी नशीब. घरात, इन्व्हर्टरजवळ ठेवायला चांगला. रानात खिशात वागवायला नाही.

खिशासाठी सीडचं टी१०००-ई नावाचं कार्डाएवढं, पाण्याला न घाबरणारं यंत्र येतं. परदेशात ३९.९० डॉलर, आपल्या हातात पडेपर्यंत पाच-सहा हजार होतात. यातली चिप हेल्टेकच्या मानानं वीज फारच कमी खाते, जीपीएस आत आहे, जोडाजोड काही नाही. घरातल्या वडीलधाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवायला हेच. जोडाजोडीची हौस असलेल्या पोरासाठी सीडचाच झियाओ बोर्ड आणि लोरा मॉड्यूलचा जोड परदेशात दहा डॉलरच्या आसपास मिळतो, पण त्याला बॅटरी, डबी, अँटेना सगळं आपण बघायचं.

ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही त्याच्यासाठी लिलिगोचं टी-डेक आहे, कळफलक आणि पडदा अंगावर असलेलं. पाच-सात हजारांच्या घरात जातं. घरोघरी स्मार्टफोन असताना माझ्या मते ही चैन आहे.

घेताना ‘८६८ मेगाहर्ट्झ’ असं लिहिलेलंच घ्या. ४३३ चा स्वस्त दिसतो, ९१५ चा अमेरिकेसाठी असतो. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. अँटेनाही ८६८ चीच हवी. पहिल्यांदा चालू करण्याआधी अँटेना घट्ट बसवा. अँटेनाशिवाय चालू केलेल्या रेडिओची पाठवणारी बाजू जळू शकते. बॅटरीची पिन खोचण्यापूर्वी लाल वायर बोर्डावरच्या अधिक चिन्हाकडं येते का ते बघा. बाजारातल्या तयार बॅटऱ्यांच्या वायरी कधी उलट्या असतात, पिन मात्र बरोबर बसते, आणि तीन हजारांचा बोर्ड क्षणात जातो.

सेलच्या बाबतीत एक मापदंड पाठ करा. १८६५० मापाचा चांगला सेल ३,५०० एमएएचच्या आसपास थांबतो. वर ‘९९०० एमएएच’ छापलेला असेल तर दुकानदार हसतोय असं समजा. नामांकित कंपनीचा सेल तीनशेच्या आसपास मिळतो. सेल, डबी, वायर, क्लॅम्प यांसाठी हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली आपल्याला पुणे-मुंबईपेक्षा सोयीची. बोर्ड मात्र ऑनलाईनच मागवावा लागतो.

पैसा उंचीवर जातो

इथं बहुतेकांची फसगत होते. बोर्ड बघून लोक खर्च ठरवतात. प्रत्यक्षात जाळं चालतं की नाही हे एका उंच जागेवरच्या एका यंत्रावर अवलंबून असतं.

हा रेडिओ सरळ रेषेत बघतो. दोन माणसं उसाच्या दोन फडांत उभी असली, तर मध्ये दोन-अडीच मीटर उंच, पानोपान पाणी धरलेला ऊस. किलोमीटर-दीड किलोमीटरवर निरोप अडखळतो. तेच एक यंत्र जमिनीपासून १५ मीटरवर नेलं, तर सपाट मुलखात हातातल्या यंत्राशी कागदावरचा टप्पा २० किलोमीटरच्या वर जातो. कागदावरचा म्हणतोय. झाडं, घरं, चढ-उतार धरून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा भरवसा ठेवावा. तेवढ्यातही कोहिनूरसारख्या होबळीच्या गावाभोवतीच्या चार-सहा वाड्या-वस्त्या आणि त्यांची रानं येतात. बसवकल्याण तालुक्यातला हा भाग पठारी आहे, ही आपली जमेची बाजू. ओढ्याच्या घळीत किंवा मुल्लामारीच्या काठाला उतारावर ज्यांची शेतं आहेत त्यांना मात्र पठाराच्या कडेवर दुसरं यंत्र लावल्याशिवाय काही ऐकू येणार नाही.

गावातली सर्वांत उंच, सर्वांची आणि चढायला शिडी असलेली जागा म्हणजे पंचायतीची पाण्याची टाकी. तिथं लावायच्या यंत्रासाठी हेल्टेक घेऊ नका. कमी वीज खाणारा, नॉर्डिक चिपचा बोर्ड घ्या. रॅक वायरलेसचा विसब्लॉक संच या कामासाठी ठरलेला. चार हजार धरा. त्याला सौर पॅनल लावायची जागा बोर्डावरच आहे, पण ती साडेपाच व्होल्टच्या वर सहन करत नाही. दुकानात सर्रास मिळणारं सहा व्होल्टचं पॅनल भर उन्हात सातच्या वर जातं. पाच व्होल्टचंच मागा, पाच-सहाशेला येतं.

अँटेना फायबरची, ८६८ ची, पाच डीबीआयची, दीड ते अडीच हजार. त्याहून जास्त डीबीआयच्या मागं लागू नका; तिचा झोत इतका चपटा होतो की टाकीखालचंच गाव कोरडं राहतं. केबलवर पैसे वाचवायची एक युक्ती : यंत्र खाली खोलीत आणि अँटेना वर, असं करूच नका. साधी आरजी-५८ केबल दहा मीटर टाकली तर निम्म्याहून जास्त ताकद केबलमध्येच मुरते. पेटी अँटेनाच्या पायथ्याशीच बांधा, हातभर केबल पुरते.

पेटी पाणी न शिरणारी, आयपी-६५ ची, चारशेच्या आसपास. ती पांढरी घ्या आणि पॅनलच्या सावलीत बसेल अशी बांधा. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे, आणि कलबुर्गीचा मे महिना बाहेरच ४२-४३ अंशांवर असतो. काळ्या डबीच्या आत काय होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. वायर आत शिरते ते भोक पेटीच्या खालच्या बाजूला ठेवा. वरून भोक पाडून सिलिकॉन थापलेल्या पेटीत दुसऱ्या पावसाळ्यात पाणी सापडतं, हे कुठल्याही केबलवाल्याला विचारा.

वीज पडण्याचं भय या मुलखात खरं आहे, वळवाच्या दिवसांत तर फारच. हजारभर रुपयांचा अरेस्टर आणि टाकीच्या अर्थिंगला जाड तांब्याची तार, हे वगळून केलेला खर्च मी खर्चच मानत नाही. आकाशात गडगडाट असताना कुणी वर चढायचं नाही. जीआय पाईप, क्लॅम्प आणि चढून काम करणाऱ्या वायरमनची मजुरी धरून आणखी दोन हजार. म्हणजे बोर्ड चार हजारांचा, पण त्याच्यासकट उंचीवरचं सगळं मिळून अकरा हजार.

परवाना लागतो का?

नाही, पण अटी आहेत. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारनं २००५ मध्ये कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला; २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारं यंत्रही याच पट्ट्यात बोलतं. पाठवायची ताकद एक वॉटपर्यंत, अँटेनासकट चार वॉटपर्यंत चालते. आपले बोर्ड साधारण दीडशे मिलीवॉटचे, म्हणजे ताकदीची चिंता नाही.

मात्र नियमात लहरींची रुंदी २०० किलोहर्ट्झ सांगितली आहे, आणि मेशटास्टिकचं मूळचं ‘लाँग फास्ट’ सेटिंग २५० वापरतं. म्हणून ॲपमध्ये प्रदेश ‘इंडिया’ निवडल्यावर लगेच ‘लाँग मॉडरेट’ निवडा. त्याची रुंदी १२५ आहे. पल्ला थोडा वाढतो, वेग घटतो : लांबलचक मेसेजला हवेत काही सेकंद लागतात. जाळ्यातल्या सगळ्यांनी तेच सेटिंग ठेवायचं, नाहीतर यंत्रं एकमेकांना ऐकणारच नाहीत.

यंत्राला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता, ईटीए, असायला हवी. परदेशातून थेट मागवलेलं पार्सल यावरून कस्टममध्ये अडकू शकतं, म्हणून शे-दोनशे जास्त देऊन भारतातल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये वॉकी-टॉकीसह रेडिओ उपकरणांच्या ऑनलाईन विक्रीसाठी मार्गदर्शक नियम काढले आहेत. यंत्र कुठल्या लहरींवर चालतं आणि मान्यता आहे का, हे विक्रेत्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. परदेशात राहणारा भाचा सॅटेलाईटवाला मेसेंजर पाठवतो म्हणाला तर त्याला आधी थांबवा. परवानगीशिवाय तसली यंत्रं बाळगल्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली होती.

टाकीसाठी पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) लेखी अर्ज द्या, पंचायतीचा ठराव घ्या आणि त्याची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या. पेटीवर कन्नड, मराठी आणि उर्दूत काय आहे, कुणाचं आहे, फोन कुठं करायचा हे लिहा. उंचावर लुकलुकणारी अनोळखी पेटी कुणाच्याही मनात शंका आणते.

पाच घरांचा हिशोब

पाच घरं, प्रत्येकी चार हजारांचं यंत्र : वीस हजार. टाकीवरचं अकरा हजार. एकूण एकतीस, घरटी सहा हजार दोनशे. घळीपलीकडच्यांसाठी दुसरं उंच यंत्र लागलं तर आणखी नऊ-दहा हजार, तेव्हा घरटी आठ हजार. दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलणं आणि वर्षातून एकदा वर चढून पेटी पुसणं, याला गटाचे मिळून वर्षाला हजार रुपये बाजूला ठेवा. महिन्याचं भाडं शून्य.

यंत्रात सॉफ्टवेअर भरायला लॅपटॉप, केबल आणि क्रोम ब्राउझर लागतो; गावात पॉलिटेक्निकला जाणारं एखादं पोर अर्ध्या तासात करील. त्याला दोन गोष्टी आवर्जून करायला सांगा. मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर आहे, त्यावर लिहिलेलं कुणीही वाचू शकतं. गटाची स्वतःची किल्ली तयार करून क्यूआर कोडनं पाचही फोनांत घ्या. आणि ‘राउटर’ ही भूमिका फक्त टाकीवरच्या यंत्राला द्या. सगळ्यांनीच स्वतःला राउटर केलं की प्रत्येक निरोप पाच-पाचदा हवेत जातो आणि जाळं स्वतःच्याच आवाजानं घुसमटतं.

कुणी घेऊ नये

ज्यांचं दुखणं फक्त ‘थ्री फेज कधी येते’ एवढंच आहे, त्यांनी. वीज कंपनीची, म्हणजे जेस्कॉमची, लाईन रात्री-अपरात्री येते आणि मोटार चालू करायला कुणीतरी जावं लागतं, हे खरं. पण त्यासाठी सिमवाला मोबाईल स्टार्टर बाजारात आहे आणि महिन्यातले पंचवीस दिवस रेंज असेल तर तोच बरा. फक्त एका कंपनीचं सिम नीट चालत नसेल तर आधी दुसऱ्या कंपनीचं घेऊन बघा. २८ दिवसांचं रिचार्ज दोनशेच्या आसपास पडतं. लग्नात, जत्रेत, एकाच वाड्यात बोलायचं असेल तर ब्लूटूथवर चालणारं बिटचॅटसारखं ॲप फुकट आहे, फक्त त्याचा टप्पा अंगणापुरता.

ज्यांची रानं गावापासून लांब, ओढ्यापलीकडे आहेत, ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, किंवा पावसाळ्यात ज्यांचा रस्ता तुटतो, अशी चार-पाच घरं एकत्र येत असतील तर हा खर्च मी करायला सांगेन. मात्र क्रम पाळा. आधी पंचायतीकडून टाकीवर चढायची लेखी परवानगी, मग दोन बोर्ड आणून टाकीवरून रानापर्यंत चाचणी, आणि ती उसाची उंची पूर्ण असताना, पावसाच्या दिवसात. निरोप पोचला तर बाकीची ऑर्डर द्या. परवानगी मिळाली नाही तर पैसे खर्चू नका. उंच जागेशिवाय या यंत्राला कोहिनूरच्या उसात काही ऐकू येत नाही.